अठरा परस खाली ऊन

आमच्या वऱ्हाडातल्या हिवरखेडात म्हातारी माणसं विहिरीची खोली अजून परसानं मोजतात. एक परस म्हणजे एक उभा माणूस. त्या हिशेबानं पुण्याचं जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक अठरा परस तरी भरेल. कागदावर खोली 33.1 मीटर. वैशाखात काकाजींना तिथं नेलं. शेवटच्या सरकत्या जिन्यावरून उतरल्यावर त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “हे त इहीर व्हय बाप्पा.” मग ते फलाटावर इकडेतिकडे काहीतरी शोधू लागले. शोधत होते स्वतःची सावली. ती सापडली.

या वास्तूचं रसग्रहण मी त्या सावलीपासूनच करतो. भुयारी स्थानक म्हटलं की झाकण लावलेला डबा डोळ्यांपुढं येतो. वर तिकिटांचा मजला, खाली फलाट, आणि दिवसरात्र तोच पांढरा उजेड. बाहेर आभाळ भरलंय की सांज झालीय, कळत नाही. इथं मात्र छत 95 फूट उंच ठेवलं आणि ऊन थेट फलाटापर्यंत पोचेल अशी त्याची रचना केली. जमिनीखाली इतकी मोकळी पोकळी ठेवणं सोपं नसतं. तेवढ्यात दुकानांचे दोन मजले सहज बसले असते. जे बांधलं नाही, तेच इथं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

जागा पूर्वी सरकारी धान्य गोदामाची. वऱ्हाडी माणसाला इथं पेव आठवणारच. ज्वारी आम्ही जमिनीखाली ठेवायचो, कारण वर वैशाख पेटला तरी खोलवर माती आपला गारवा फारसा सोडत नाही. पण पेवाला उजेड नि वारा वर्ज्य, आणि माणसांच्या स्थानकाला दोन्ही लागतात. शिवाय ऊन एकटं येत नाही, उष्मा घेऊन येतं. म्हणून ते गाळून घ्यावं लागतं. तेल्हारा-अकोटकडचे बारी लोक पानमळ्यात हेच करतात: शेवरी-पांगऱ्याच्या सावलीत वेलाला ऊन मिळतं, पण भाजत नाही.

खाली खरी गरमी वेगळीच असते: मोटारी, दिवे, हजारो अंगं आणि ब्रेक. दिवसा दिवे कमी लागले, तर वीज वाचतेच, दिव्यांची ऊबही वाचते. मेट्रोची गाडी ब्रेक लावताना मोटारीचंच जनित्र करते आणि वीज वरच्या तारेत परत सोडते. ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाणारी शक्ती जवळच्या दुसऱ्या गाडीला ओढायला कामी येते. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द पाट्यांवर वाचून मी कंटाळलो होतो. इथं तो मला तारेत दिसला.

शेजारच्या शिवाजीनगर स्थानकाला किल्ल्याचा बाज आहे, डेक्कन आणि संभाजी उद्यान स्थानकांची छतं पगडीच्या आकाराची. ती स्थानकं ‘आम्ही पुण्याची’ असं मोठ्यानं सांगतात. हे काहीच सांगत नाही, म्हणून मला जास्त आवडतं. एक गोष्ट मात्र खटकते. इथं मिळणाऱ्या दोन मार्गांपैकी वनाज-रामवाडीचा उंच खांबांवर, पिंपरी-स्वारगेटचा तळाशी. एका गाडीतून दुसरीत जायचं तर आभाळातून पाताळात उतरावं लागतं. लिफ्ट आहेत, जिने आहेत, तरी गुडघे दुखणाऱ्याला ही वाट लांबच. खोलीचं सौंदर्य फुकट मिळत नाही.

गाडीची वाट पाहत बाकावर बसलो. काकाजींच्या मनात आमचं हिवरखेडचं, निंबाच्या सावलीतलं ठेसन होतं. अकोला-खंडवा मीटरगेज 1 जानेवारी 2017 पासून बंद झाली. तिचा जुना रूळ मेळघाटातून, धुळघाटच्या वळशावरून जायचा. नवी ब्रॉडगेज वाघांचं रान टाळून हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून नेण्याचं ठरलं.

“आपल्या ठेसनालेही असं छत करतीन का रे?”

“करतील बहुतेक.”

“मंग निंब तोडतीन,” ते म्हणाले, आणि आलेल्या गाडीत चढले.