सनदेतील ‘खेरीज’

मराठेशाहीतील इनाम-सनदा वाचताना अभ्यासकाचे लक्ष ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप’ या भारदस्त यादीवर खिळते आणि राजाने गावची भूमीच दान दिली असा ग्रह होतो. तो सदोष आहे. ही यादी जुन्या ताम्रपटांच्या वळणाची होय. सनदेचा अर्थ मर्यादित होतो तो पुढील ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ या अनलंकृत पदांनी. वतनदारांचे हक्क व पूर्वीची इनामे वगळून उरलेला सरकारी महसूलच सामान्यतः दिला जाई. कसणारी रयत मात्र दिलेल्यांत नाही, वगळलेल्यांतही नाही. या मौनावरून तिला हक्कच नव्हता असे अनुमान काढणे अशास्त्रीय ठरेल.

हिंगोली जिल्ह्यातील साखरा परिसर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली होता. तेथील दप्तर फारसीत, पुढे उर्दूत चाले. हैदराबाद राज्यात १९४९ मध्ये जहागिरी संपल्या, १९५४ मध्ये इनाम-निर्मूलनाचा कायदा झाला. अशा गावांचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ दानपत्रांवर विसंबू नये. सनद दात्याची व ग्रहीत्याची भाषा बोलते; रयतेचा शोध महजर, मिरासपत्रे व वसुलाच्या कागदांतच घ्यावा लागेल.