सरस नव्हे, साक्षीदारही नव्हे

अपस्मारावरचे आपले लोकप्रिय लेखन अजून ‘मेंदूतले शॉर्टसर्किट’ या एकाच उपमेवर चालते. उपमा सोपी आहे; पण झटका थांबल्यावर मेंदूत जे घडत राहते, ते तिच्यात मावत नाही. चेतापेशींभोवतालच्या ऊतीला रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ साली ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतांचा सरस, हे नाव दिले. (मराठीत सरस म्हणजे वरचढही, फिर्खोंना तो अर्थ अभिप्रेत नव्हता.) चिकटवायच्या वस्तूकडे कोण लक्ष देणार?

उंदरांवरील प्रयोगांत मात्र वेगळेच दिसते. दीर्घ झटक्यांनंतर सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पेशींचे सांधे सैल होतात, रक्तातले अल्ब्युमिन मेंदूत झिरपते आणि ग्लियापैकी तारकापेशी ते शोषून घेतात. मग चेतापेशींबाहेर साचणारे पोटॅशियम उपसण्याचे त्यांचे काम मंदावते आणि चेतापेशी पुन्हा भडकण्याच्या बेतात येतात. मायक्रोग्लिया मृत पेशींचा निचरा करतात, आणि दाह वाढवतात त्याही त्याच.

सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. बहुतेक प्रचलित औषधे चेतापेशींचीच खळबळ शमवतात. रक्तवाहिन्यांची ही गळती बुजवणारे औषध अपस्माराच्या नेहमीच्या उपचारांत अजून नाही.