वुडवर्ड्सचा जीर्णोद्धार : वास्तू आणि वस्ती

जीर्णोद्धाराची परीक्षा कळसाच्या झळाळीवरून करू नये. गाभाऱ्यातील पूर्वीची पूजा अखंड राहिली की नाही, यावरून करावी. कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या ‘डाउनटाउन ईस्टसाइड’ या विपन्न भागात उभ्या राहिलेल्या ‘वुडवर्ड्स’ संकुलाला हीच कसोटी लावणे उचित होय.

१९०३ साली हेस्टिंग्ज व ॲबट रस्त्यांच्या नाक्यावर उघडलेले हे सर्ववस्तुभांडार १९९३ साली बंद पडले आणि भोवतालच्या पेठेची उरलीसुरली रया गेली. २००२ साली बेघरांनी त्या ओस वास्तूत बिऱ्हाड थाटले. पोलिसांनी बाहेर काढताच ते पदपथावर ठाण मांडून बसले. कायद्याच्या परिभाषेत हे अतिक्रमणच. परंतु मालकीहक्काचा कागद ज्यांच्यापाशी नव्हता, त्यांनीच या जागेवर वस्तीचाही काही अधिकार आहे, हा प्रश्न शहरापुढे मांडला. २००३ साली नगरपालिकेने ती जागा प्रांतिक सरकारकडून विकत घेतली.

२००६ साली सर्वांत जुना भाग राखून बाकीची इमारत सुरुंगांनी पाडण्यात आली. स्थपती ग्रेगरी हेन्रिकेझ यांच्या आराखड्यानुसार तेथे ४३ व ३२ मजली मनोरे, दुकाने आणि सायमन फ्रेझर विद्यापीठाचे कलाविद्यालय आले. विक्रीची घरे ५३६. अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी २००. श्रीमंताच्या शेजारी गरिबाला हक्काचे छप्पर मिळावे, ही योजना स्तुत्यच आहे. तथापि संकुलाबाहेरच्या जुन्या खोल्यांची भाडी वाढून भाडेकरू विस्थापित होतील, हा तेथील रहिवाशांचा आक्षेप झटकून टाकता येत नाही. आतील दोनशे घरांना संरक्षण आहे. बाहेरच्या भाडेकरूला तितके नाही.

संकुलाच्या चौकात स्टॅन डग्लस यांचे काचेवरील भव्य छायाचित्र आहे. ७ ऑगस्ट १९७१ रोजी याच परिसरात पोलिसांनी जमावावर केलेला लाठीहल्ला त्यात पुनर्रचित केला आहे. नव्या वैभवाच्या मध्यभागी जुना कलह टांगून ठेवण्याचे हे धैर्य मला संपूर्ण संकुलातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. मात्र स्मृती भिंतीवर जपणे सोपे असते. ज्यांची ती स्मृती, त्यांना अंगणात ठेवणे कठीण. वुडवर्ड्सने पहिले काम उत्तम केले आहे. दुसरे अर्धेच केले आहे. ते अर्धे पूर्ण करणे स्थपतीच्या हाती नाही. त्यासाठी भाडेकरूंचे रक्षण करणारा कायदाच हवा.