‘उद्यां’ आणि भूतकाळ

‘आय वुड रादर यू केम टुमॉरो’ या वाक्यांत ‘केम’ हें भूतकाळाचें रूप ‘टुमॉरो’शीं, म्हणजे उद्यांशीं, कसें नांदतें, हा प्रश्न इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांस पडतो. शालेय व्याकरणें त्याचें उत्तर एका ओळींत उरकतात : पसंती असत्य परिस्थितीविषयीं असली म्हणजे क्रियापद भूतकाळीं घालावें. रूपापुरता नियम ठीक आहे. ‘असत्य’ हा शब्द मात्र घात करतो.

डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनीं १९२४ सालच्या ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथांत भूतकाळाचें रूप नेहमींच गतकाळ दाखवीत नाहीं, वास्तवाचा अभावहि दाखवितें, हें उत्तम विशद केलें आहे. परंतु ‘रादर’चा उलगडा तेवढ्यानें पुरा होत नाहीं. स्वतःपुरती पसंती सांगतांना इंग्रज ‘आय वुड रादर स्टे’ एवढेंच म्हणतो. तेथें भूतकाळ लागत नाहीं. दुसऱ्यानें काय करावें हें सांगावयाचें झालें कीं तो येतो. याचें कारण, आमच्या मतें, असत्यतेंत नसून संकोचांत आहे. परक्याच्या इच्छेवर आपला हक्क नाहीं, म्हणून बोलणारा ती कृति जरा दूर ठेवून बोलतो.

‘खिडकी उघडूं का?’ यावर ‘आय वुड रादर यू डिडंट’ असें उत्तर आलें, तर त्यांत असत्य तें काय? तो सरळ नकार आहे, फक्त सभ्य वेषांतला. ज्यानें नुसता नियम पाठ केला तो खिडकी उघडून मोकळा होईल. आणि इंग्रजी कादंबरींतील पात्रें जेथें एकमेकांस बोचकारीत असतात, तेथें त्याला निव्वळ सौजन्य दिसेल. ‘आय विश यू हॅड कम’ यांतील हळहळ अगदीं निराळी; वेळ निघून गेलेली असते. दोन्ही वाक्यें एकाच मथळ्याखालीं कोंबणें हा व्याकरणकारांचा आळस होय.

(‘रादर’ हें मूळ ‘लवकर’ या अर्थाच्या जुन्या क्रियाविशेषणाचें तरभाववाचक रूप. ‘वुड सूनर’ त्याच वळणाचें.)

मराठी माणसानें तरी या ‘केम’ला बिचकूं नये. ‘तूं उद्यां आलास तर बरें’ असें आपण रोज म्हणतों. ‘आलास’ हें रूप भूतकाळाचेंच, आणि पाहुणा यावयाचा आहे उद्यां! ‘आला असतास तर बरें झालें असतें’ म्हटलें कीं दार लागलें. हा भेद घरांतलें पोर बिनचूक पाळतें. वर्गांत मात्र त्याच्या तोंडच्या ‘आलास’ला कोणी हात लावीत नाहीं, आणि ‘केम’ फळ्यावर अपवाद म्हणून लिहिला जातो.