'स्मृतिचित्रे': निसर्ग, संस्कृती आणि स्त्री-पुरुष संबंधांविषयीची ख्रिस्ती दृष्टी

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मविचाराने माणसाला निसर्गाचा आणि पुरुषाला स्त्रीचा स्वामी ठरविले, असा आक्षेप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातत्याने घेतला गेला. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती मानवकेंद्री दृष्टीत शोधली. बहुतेक संस्कृती स्त्रीला निसर्गाच्या अधिक जवळची मानतात व म्हणून तिला दुय्यम लेखतात, अशी मांडणी मानवशास्त्रज्ञ शेरी ऑर्टनर यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केली. या दोन्ही मांडण्यांच्या प्रकाशात लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील भूमिका

बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात नर व नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे आहेत आणि सृष्टीवरील सत्ता दोघांनाही दिलेली आहे. दुसऱ्या अध्यायात मनुष्य मातीपासून घडतो व बागेची मशागत आणि राखण त्याच्यावर सोपविली जाते. तेथे स्त्रीसाठी योजलेला साहाय्यक या अर्थाचा 'एझेर' हा हिब्रू शब्द अन्यत्र प्रत्यक्ष देवासाठीही येतो. त्यामुळे त्यातून कनिष्ठत्व सिद्ध होत नाही. पतीची सत्ता आणि भूमीला मिळालेला शाप या दोन्ही गोष्टी तिसऱ्या अध्यायात, पतनानंतर येतात. फिलिस ट्रिबल यांनी १९७८ सालच्या ग्रंथात याच दिशेने या कथेचे पुनर्वाचन केले. तात्पर्य, स्त्रीवरील वर्चस्व व भूमीची विटंबना ही मूळ योजना नसून तिचा भंग आहे, असे वाचन या संहितेतूनच शक्य होते. मात्र संहितेतील शक्यता संसारात कितपत उतरते, हा प्रश्न उरतोच.

टिळकांची कविता व लक्ष्मीबाईंचा संसार

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) हे फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. 'केवढे हे क्रौर्य!' या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत माणसाने जखमी केलेली पक्षीण पिलांसाठी शेवटच्या श्वासापर्यंत झटते. माणसाच्या सृष्टीवरील सत्तेचा येथे निःसंदिग्ध धिक्कार आहे. परंतु धिक्कार करताना निसर्ग मातेच्या रूपात आणि माता आत्मबलिदानाच्या रूपात येते, हेही नोंदविले पाहिजे. ही प्रतिमा केवळ ख्रिस्ती नाही. भारतीय परंपरेलाही ती तितकीच प्रिय आहे. स्त्रीचा त्याग जेथे निसर्गनियम वाटू लागतो, तेथे त्या त्यागाची किंमत विचारली जात नाही.

ही किंमत 'स्मृतिचित्रे' सांगते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात पत्नी सहभागी नव्हती, त्याचे परिणाम मात्र तिने भोगले. पुढे काही वर्षांचा वियोग घडला. पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे जपले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. या दोन तारखांमधील अंतर महत्त्वाचे आहे, कारण पतीचा धर्म तो पत्नीचा धर्म ही समजूत ते नाकारते.

लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनाची वाट धर्मशास्त्रीय वादातून न जाता पाणी, अन्न आणि स्पर्श यांतून जाते. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक त्यांनी बालपणीच अनुभवला होता. पाणी ही निसर्गाची वस्तू. ते कोणाच्या हातचे, यावरून पवित्र वा अपवित्र ठरविणे हे संस्कृतीचे काम, आणि ती सीमा रोज राखण्याची जबाबदारी घरातील स्त्रीची. ऑर्टनर स्त्रीला निसर्ग व संस्कृती यांमधील मध्यस्थ म्हणतात, ते येथे पटते. कच्च्याचे पक्के करणारी स्त्रीच जातीची राखणदार ठरते. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हे लक्ष्मीबाईंना उमगते तेव्हा ही राखणदारी संपते. त्यांच्या बाप्तिस्म्याआधीचे खरे धर्मांतर हे होय.

धर्मांतरानंतर घरातील सत्तासंबंध मात्र आपोआप बदलत नाहीत. पतीची उदारता आणि त्यामुळे होणारी घरखर्चाची ओढाताण लक्ष्मीबाई प्रेमाने, पण काहीही न लपविता सांगतात. त्यांच्या विनोदाला निरागस म्हणून गौरविणाऱ्या समीक्षेने त्यातील परीक्षणाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. पतीचे मोठेपण मान्य करूनही त्याच्या तत्त्वांचा हिशेब घरात मागणारा हा विनोद आहे. दुसरी बाजूही आहे: शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना अक्षरओळख पतीनेच करून दिली आणि त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे पूर्ण केले. 'साहाय्यक' या शब्दाचा समतेचा अर्थ येथे काही अंशी प्रत्यक्षात आलेला दिसतो.

निष्कर्ष

ख्रिस्ती दृष्टी निसर्ग व स्त्री यांना मुक्त करते किंवा जखडते, असे एकच विधान करता येत नाही. समतेची शक्यता संहितेत आहे. परंतु तिची कसोटी व्यासपीठापेक्षा पाणवठ्यावर आणि स्वयंपाकघरात लागते. 'स्मृतिचित्रे' ही कसोटी लावते, म्हणून ती केवळ एका थोर कवीच्या पत्नीची आठवण न राहता धर्मविचाराची स्वतंत्र संहिता ठरते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात तिला चरित्राचे साधन न मानता विचाराचा ग्रंथ मानणे आवश्यक आहे.