अवयवांची नावे आणि लोकांची भाषा : लॅटिन परिभाषेच्या दुर्बोधतेविषयी काही विचार

शास्त्रीय परिभाषेच्या चर्चेत एक विधान इतक्या वेळा करण्यात येते की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाही. ते विधान असे की, शरीरशास्त्रातील नावे लॅटिन वा ग्रीक असल्यामुळे सामान्य माणसास ती परकी वाटतात, आणि परकी असल्यामुळे ती त्यास कळत नाहीत. या निदानावरून उपायही ठरून जातो : परकी नावे काढावी आणि त्यांच्या जागी स्वकीय नावे बसवावी. मराठीत गेली अनेक दशके परिभाषानिर्मितीचे जे कार्य झाले, त्याच्या मुळाशी बहुतांशी हीच विचारसरणी होती. या निदानात तथ्य किती व गृहीत किती, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम त्या लॅटिन नावांकडेच पाहू. गुडघ्यावरील हाडास ‘पॅटेला’ म्हणतात. त्याचा अर्थ लहानसे तबक किंवा वाटी. नडगीच्या हाडास ‘टिबिया’ म्हणजे पावा, आणि त्याच्या शेजारच्या बारीक हाडास ‘फिब्युला’ म्हणजे वस्त्र अडकविण्याची टाचणी. ‘पेल्व्हिस’ म्हणजे घंगाळासारखे पसरट पात्र. ‘क्लॅव्हिक्युला’ म्हणजे लहान किल्ली. नाकातील ‘व्होमर’ म्हणजे नांगराचा फाळ. कानातील तीन हाडांस हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी नावे आहेत, आणि त्यांच्या आतील वेटोळ्यास ‘कॉक्लिआ’ म्हणजे गोगलगाय. पडजिभेस ‘युव्ह्युला’, म्हणजे इवलेसे द्राक्ष, म्हटले आहे. स्नायूचे ‘मस्क्युलस’ हे नाव तर ‘लहानसा उंदीर’ एवढाच अर्थ सांगते. दंड आवळला असता कातडीखालून उंदीर पळाल्यासारखा दिसतो, हे ज्या कोणाच्या प्रथम ध्यानात आले त्यास विद्वत्तेची गरज पडली नसावी.

ही यादी वाढविता येईल. पण मुद्दा एवढ्यानेच स्पष्ट होतो. ज्यास आपण विद्वज्जड परिभाषा म्हणतो, तिचा मोठा भाग स्वयंपाकघर, शेत, लोहारशाळा आणि गोठा येथूनच आलेला आहे. लॅटिन बोलणाऱ्या रोमन शेतकऱ्यास ‘व्होमर’ हा शब्द समजावून सांगावा लागला नसता. म्हणजे ही नावे जन्मतः दुर्बोध नव्हती. त्यांतील प्रतिमा ज्या भाषेत जिवंत होती, ती भाषा बोलण्यातून गेली. शब्द उरले, चित्र पुसले गेले. दुर्बोधतेचे कारण शब्दाच्या परकेपणात नसून प्रतिमेच्या मरणात आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. हा भेद सूक्ष्म वाटला तरी पुढील सर्व विवेचन त्यावरच अवलंबून आहे. कारण प्रतिमा स्वकीय भाषेतही मरू शकते.

ही मृत प्रतिमांची भाषा युरोपात टिकली, यास दोन कारणे होती व ती परस्परांहून भिन्न होती. पहिले कारण व्यवसायाच्या सीमारक्षणाचे. आंद्रेआस व्हेसेलियसचा शरीररचनेवरील महाग्रंथ १५४३ मध्ये बाझेल येथे लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या संक्षेपाचे जर्मन भाषांतर मात्र त्याच वर्षी निघाले. म्हणजे देशी भाषेत शरीररचना सांगता येत नव्हती, असे नव्हे. फ्रान्समधील शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे हा न्हावी-शस्त्रवैद्यांच्या परंपरेतून आलेला, लॅटिनचे शिक्षण न मिळालेला माणूस. त्याने बंदुकीच्या जखमांवरील आपला ग्रंथ १५४५ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिला. पुढे १५७५ मध्ये त्याचे समग्र ग्रंथ निघाले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने त्यांस विरोध केला. इंग्लंडात निकोलस कल्पेपरने १६४९ मध्ये लंडनच्या वैद्यमंडळाचा लॅटिन औषधिकोश मंडळाची अनुमती न घेता इंग्रजीत उतरविला आणि त्या मंडळाचा रोष ओढवून घेतला. या प्रसंगांत भाषा ही ज्ञानाच्या दारावरील कुलपाचे काम करीत होती, हे उघड आहे.

परंतु एवढ्यावरच थांबणे न्यायाचे होणार नाही. दुसरे कारण निखळ शास्त्रीय होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या देशांतील शरीरशास्त्रज्ञ एकाच अवयवास निरनिराळ्या नावांनी ओळखीत. सुमारे ५,००० रचनांसाठी सुमारे ५०,००० नावे प्रचारात असल्याचे सांगण्यात येते. १८९५ मध्ये बाझेल येथे जी नामावली संमत झाली, तिने या अराजकास प्रथमच आळा घातला. १९५५ मध्ये पॅरिस येथे तिची सुधारणा होऊन व्यक्तिनामांवरून पडलेल्या संज्ञा वगळण्यात आल्या, आणि १९९८ मध्ये नवी आंतरराष्ट्रीय नामावली प्रसिद्ध झाली. मृत भाषेत शब्दाचा अर्थ सरकत नाही, आणि ती भाषा कोणत्याच एका राष्ट्राची नसल्यामुळे सर्वांस ती सारखीच मान्य होऊ शकते. जी गोष्ट सामान्य माणसाच्या दृष्टीने दोष, तीच शास्त्रज्ञाच्या दृष्टीने गुण ठरते. लॅटिनवर टीका करणाऱ्यांनी या दुसऱ्या कारणास क्वचितच न्याय दिला आहे.

मग प्रश्न असा की, शास्त्रज्ञांसाठी एक नामावली आणि लोकांसाठी दुसरी, अशी व्यवस्था शक्य आहे काय? जर्मन भाषेने ती पुष्कळ अंशी करून दाखविली आहे. तेथे शास्त्रज्ञ लॅटिन नाव वापरतो आणि रुग्णाशी बोलताना त्याच अवयवाचे जर्मन नाव घेतो : खांद्याजवळचे हाड म्हणजे ‘किल्ली-हाड’, श्वासमार्ग म्हणजे ‘हवेची नळी’, लहान आतड्याचा आरंभीचा भाग म्हणजे ‘बारा बोटांचे आतडे’. यांतील पहिले व शेवटचे नाव लॅटिनचाच अनुवाद आहे. ‘ड्युओडिनम’ या शब्दात बाराचा जो अर्थ दडलेला आहे, तो मूळ ग्रीक वैद्यांच्या ‘बारा बोटे लांब’ या मोजमापातून आला. इंग्रजीने तो शब्द जसाच्या तसा घेतला व त्यातील बोटे गमावली. जर्मनने ती राखली. दोन्ही भाषांतील शास्त्र सारखेच प्रगत आहे. फरक पडला तो शास्त्रज्ञ आणि रुग्ण यांच्यामधील पुलाच्या बाबतीत.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, मग सुबोध नाव दिले की काम झाले. अनुभव तसा नाही. जर्मन लोक ‘आंधळे आतडे’ हा सुबोध शब्द सर्रास आंत्रपुच्छासाठी वापरतात; वस्तुतः तो ज्याला लागू आहे तो मोठ्या आतड्याचा आरंभीचा भाग वेगळाच. सुबोध नावाने येथे समजुतीचा आभास निर्माण केला. याहून बोलका पुरावा इंग्लिश भाषिकांचा आहे. सी. एम्. बॉइल यांनी १९७० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रुग्ण आणि डॉक्टर यांना काही नेहमीच्या वैद्यकीय शब्दांचे अर्थ व काही अवयवांची स्थाने विचारली होती. त्यांत हृदय, मूत्राशय, मूत्रपिंडे यांसाठी इंग्रजीतील रोजच्या वापराचेच शब्द होते. तरीही रुग्णांची उत्तरे व डॉक्टरांची उत्तरे यांत मोठी तफावत आढळली. २००९ मध्ये लंडनमधील संशोधकांनी अवयवांच्या स्थानांचा प्रश्न पुन्हा घेतला, तेव्हा मधल्या काळात फारशी सुधारणा झालेली दिसली नाही. ज्या अवयवाचा विकार आहे त्याचे स्थानही पुष्कळ रुग्णांस नीट दाखविता आले नाही. यावरून असे अनुमान निघते की, अज्ञानाचे सर्व ओझे लॅटिनच्या माथी मारता येणार नाही. अनोळखी शब्द ऐकणारा निदान ‘हे मला कळले नाही’ असे जाणतो. ओळखीचा शब्द ऐकणारा कळल्याच्या समजुतीत घरी जातो.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे लॅटिनचे स्थान संस्कृतने घेतले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय परिभाषा आयोगाने, तसेच महाराष्ट्रात राज्यस्थापनेनंतर झालेल्या कोशकार्याने, साधित शब्द सहज घडविण्याची शक्ती आणि अखिल भारतीय एकरूपता या दोन कारणांसाठी संस्कृत धातूंचा आश्रय केला. ही कारणे बाझेलच्या शास्त्रज्ञांच्या कारणांशी मिळतीजुळती असून ती क्षुल्लक नाहीत. पण या निवडीचे परिणाम सर्वत्र सारखे झाले नाहीत, आणि समीक्षकास त्यांत निवड करता आली पाहिजे.

‘अन्ननलिका’, ‘श्वासनलिका’, ‘मूत्रपिंड’ हे शब्द संस्कृतच आहेत. तरी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या माणसास ते कळतात, कारण त्यांचे घटक मराठीत जिवंत आहेत. ‘वृक्क’ हा शब्द अधिक प्राचीन व अधिक सुटसुटीत असूनही मराठीत ‘मूत्रपिंडा’पुढे टिकला नाही, हे यासंबंधी उद्‌बोधक आहे. याउलट ‘अवटु ग्रंथी’ हा शब्द पाहावा. ‘थायरॉइड’ या शब्दातील ‘ढालीसारखी’ हा अर्थ त्यात उतरलेला नाही आणि ‘अवटु’ हा घटक मराठी माणसाच्या कानावर कधी आलेला नाही. परिणाम असा की, गावोगावचा रुग्ण ‘मला थायरॉइड आहे’ असेच म्हणतो. येथे एका मृत प्रतिमेच्या जागी दुसरी मृत प्रतिमा बसविली गेली. मग लोकांनी डॉक्टरांच्या तोंडची प्रतिमा पत्करली, यात त्यांचा दोष तो कोणता?

त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे मराठीत आधीच असलेल्या शब्दांची उपेक्षा. रोमन माणसाने गुडघ्यात वाटी पाहिली, तशीच मराठी माणसानेही पाहिली; ‘गुडघ्याची वाटी’ हा आपला शब्द ‘पॅटेला’चा सख्खा भाऊ आहे, आणि तो कोणी भाषांतर करून आणलेला नाही. पाठीच्या कण्यातील हाडांस आपण ‘मणका’ म्हणतो, म्हणजे ओवलेला मणी. या शब्दातील चित्र लॅटिन ‘व्हर्टिब्रा’तील ‘वळणे’ या कल्पनेपेक्षा अधिक ठसठशीत आहे. कण्याच्या टोकाच्या हाडात ग्रीकांस कोकिळेची चोच दिसली, आपल्यास माकडाच्या शेपटीची आठवण झाली. ‘माकडहाड’ या शब्दास विनोदाची छटा आहे म्हणून त्याचे शास्त्रीय मूल्य कमी होत नाही. खुबा, नडगी, पोटरी, घोटा, पडजीभ, टाळू हे शब्द नेमके आहेत. कोशांत मात्र ‘जान्वस्थि’, ‘कशेरुका’, ‘अनुत्रिक’ यांस मानाचे स्थान मिळाले. साधित शब्दांसाठी ‘कशेरुका’ सोयीचा आहे, हे मान्य. पण मूळ नामासाठी ‘मणका’ का नको, याचे समाधानकारक उत्तर आढळत नाही.

तथापि लोकभाषेचेही आंधळे कौतुक करून चालणार नाही. ‘पोट’ हा शब्द जठर, आतडी, ओटीपोट यांपैकी कशासाठीही येतो. ‘काळीज’ हा शब्द मुळात यकृताचा. खाटकाकडील ‘कलेजी’त तो अर्थ आजही शिल्लक आहे, पण काळीज धडधडते असे म्हणताना आपल्या मनात हृदय असते. ‘पानथरी’ हा प्लीहेचा अस्सल मराठी शब्द आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? देशी शब्दही वापर सुटला की लॅटिन होतो. म्हणून निकष देशीपणाचा नसावा. शब्दातील प्रतिमा आज जिवंत आहे काय, तो शेजारच्या अवयवापासून आपला अवयव वेगळा दाखवितो काय, आणि तो प्रत्यक्ष बोलण्यात येऊ शकतो काय, हे तीन प्रश्न प्रत्येक संज्ञेस विचारले पाहिजेत. ‘मूत्रपिंड’ आणि ‘मणका’ तिन्हींत उतरतात. ‘काळीज’ दुसऱ्यात अडते. ‘अवटु’ पहिल्यात व तिसऱ्यात.

हा केवळ कोशकारांचा वाद नाही. १९९५ मध्ये दिल्ली येथे एका स्त्रीने तपासणीसाठी दिलेली संमती तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यासाठी पुरेशी मानण्यात आली; २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संमती अग्राह्य ठरविली आणि रुग्णास पुरेशी माहिती मिळाल्यावाचून खरी संमती संभवत नाही, असे तत्त्व घालून दिले. निकाल भाषेविषयी नव्हता. पण ‘पुरेशी माहिती’ कोणत्या शब्दांत द्यावयाची, हा प्रश्न त्यातून अपरिहार्यपणे उभा राहतो. संमतिपत्रावर ‘लॅपरोटॉमी’ लिहिले काय आणि ‘उदरच्छेदन’ लिहिले काय, ज्या बाईस ‘पोट उघडावे लागेल, आणि आतले अमुक काढावे लागेल’ हे कोणी सांगितले नाही, तिच्या दृष्टीने दोन्ही शब्द एकाच भाषेतले आहेत.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो असा. शास्त्रज्ञांच्या परस्परव्यवहारासाठी लॅटिन नामावली राहावी. तिचे काम ती चोख करीत आहे. मराठी परिभाषेने तिची संस्कृत प्रतिकृती होण्याचा हट्ट सोडून पुलाचे काम पत्करावे. त्यासाठी सुइणी, हाडवैद्य, खाटीक, पहिलवान यांच्या बोलण्यातील अवयवनामांचा जिल्हावार संग्रह करणे, त्यांचे अर्थ कोठे नेमके व कोठे सैल आहेत हे तपासणे, आणि जेथे शब्द सैल आहे तेथेच नवी संज्ञा घडविणे, हा क्रम हवा. आजवर क्रम उलटा राहिला : संज्ञा आधी घडली, आणि ती कोणास कळते हे पाहण्याचे राहून गेले. हे काम वैद्यकाच्या विभागावर सोपवून भाषेच्या अभ्यासकास मोकळे होता येणार नाही. ज्या शब्दांवर माणसे स्वतःच्या देहासंबंधी होकार देतात, त्यांची पारख ही भाषेच्याच विद्यार्थ्याची जबाबदारी आहे.