फोटोतल्या माणसाला विचारले का?

आषाढी वारी निघाली की दिवेघाटात वारकऱ्यांच्या बरोबरीने कॅमेऱ्यांची दाटी होते. मग प्रदर्शने भरतात आणि भिंतीवर तेच ते लागते: ड्रोनमधून दिसणारी घाटाची वळणे, डोक्यावर तुळस घेतलेली भिजलेली म्हातारी, रिंगणातला अश्व. तंत्र चोख, रंग झळझळीत. पण ती म्हातारी कुठल्या गावची, कोणत्या दिंडीतली, याचा पत्ता ना चौकटीत, ना चौकटीखाली. तरीही याला ‘लोकजीवनाचे छायाचित्रण’ म्हणायचे!

लोकजीवन पाहायचे तर छायाचित्रकार गौरी गिल यांच्याकडे वळावे. 1999 मध्ये त्या खेड्यांतल्या शाळांचे फोटो काढायला पश्चिम राजस्थानात गेल्या आणि तिथल्या कुटुंबांत गुंतल्या. पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्या तिथे जात राहिल्या. ‘नोट्स फ्रॉम द डेझर्ट’ या मालिकेला 2023 मध्ये प्री पिक्टे पुरस्कार मिळाला, पण तिची खरी पावती त्याआधीच, 2005 मध्ये, मिळालेली होती. कसुंबी दाईने नातवंडाच्या जन्माचे फोटो काढायला गिल यांना आपणहून बोलावले. जमिनीवर आडवी झालेली बाळंतीण, दाईचे हात, बाहेर येणारे मूल: आठ कृष्णधवल फोटो. त्यांत धक्का देण्याचा सोस नाही, नजर चोरणेही नाही. फोटोग्राफर तिथे आगंतुक नाही, हे प्रत्येक चौकटीत जाणवते.

आपल्या जव्हारमध्ये त्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. बोहाडा उत्सवाचे मुखवटे घडवणाऱ्या सुभास आणि भगवान धर्मा कडू या भावंडांना व त्यांच्या साथीदारांना 2015 पासून त्यांनी देव-दानवांऐवजी रोजच्या जगण्याचे मुखवटे करायला सांगितले. ते चढवून गावातलीच माणसे घरात, दुकानात, दवाखान्यात वावरली.

छायाचित्रकार सोहराब हुरा यांनी तर स्किझोफ्रेनिया झालेली आई आणि तिची एल्सा कुत्री यांच्याभोवती फोटोंची पुस्तके उभी केली. एका घराभोवती केवढे जग! चहाचा कप आणि खिडकीतले ऊन टिपणारे हल्लीचे ‘शांत’ फोटो त्यापुढे नुसती सजावट. 

न विचारता फोटो काढण्याचा ठरलेला बचाव असा की, विचारले की माणूस सावध होतो आणि सहजता जाते. हे धादांत खोटे आहे. 2003 मध्ये राजस्थानातल्या लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात गिल यांच्या कॅमेऱ्यासमोर कसे उभे राहायचे, कोणाबरोबर राहायचे, हे मुलींनीच ठरवले. त्या थेट कॅमेऱ्यात बघतात, आणि लपून टिपलेल्या शेकडो चेहऱ्यांपेक्षा जिवंत वाटतात. सुधारक ओलवे यांच्या फोटोंत मुंबईचे सफाई कामगार निव्वळ कचऱ्याच्या ढिगासोबत उरत नाहीत, कारण ओलवे त्यांच्या घरांपर्यंत गेले. सहजता ओळखीतून येते. लांब लेन्सने दुरून मिळतो तो बेसावधपणा, आणि परीक्षक वर्षानुवर्षे त्यालाच बक्षीस देत आले आहेत. वारीच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी एकेका फोटोची प्रवेशिका आधी बंद करावी. एकाच दिंडीसोबत निदान तीन आषाढ चाललेल्यांचेच काम मागवावे, आणि फोटोखाली फोटोग्राफरच्या आधी, त्या माणसाची हरकत नसेल तर, त्याचे नाव छापावे.